खोक्यावर मामाजींचं नाव

आधी हातातला चहा संपवून घ्या बरं. मध्येच ठसका लागला तर मी जबाबदार नाही. कारण मी जो घोळ सांगणार आहे, त्यात मी माझ्या बाळंतपणाची तयारी करता करता दोन धडधाकट म्हाताऱ्यांना आजारी पाडलं. त्यांच्या अंगाला बोटही न लावता!

तर, मला नववा महिना. पहिलटकरीण म्हणून माहेरी, कुहीला आलेली. बाळाची तयारी कधीच झालेली. झबली, टोपडी, दुपटी, सगळं धुऊन घडी घालून तयार. आणि मग मी एका पुस्तकात वाचलं, की बाळंतपणानंतर काही आठवडे अंगावरून जातं आणि पहिले काही दिवस तर भरपूर जातं.

भरपूर म्हणजे किती हो? हे पुस्तकात नव्हतं. इतके महिने पाळी नाही म्हणून मी खुशीत होते. ती बया कुठे गेली नव्हतीच, नुसती दम खात बसली होती!

झालं. माझ्या डोक्याला भुंगा लागला. त्या दिवसांत वापरायचं काय?

आईला विचारलं. तिनं पेटी उघडून जुन्या सुती लुगड्यांच्या धुऊन उन्हात वाळवलेल्या घड्यांचा गठ्ठा समोर ठेवला. "हे घे. लोण्यासारखं मऊ. तुह्या वेळेसही हेच होतं."

मावसबहिणीला विचारलं. ती म्हणाली, बाळंतिणीचे वेगळे पॅड मिळतात, जाड, लांब, उशीसारखे. मोबाईलवरच्या गरोदर बायकांच्या ग्रुपवर विचारलं, तर तिथे निवडणूकच लागली! अर्ध्या पॅडवाल्या, अर्ध्या पँटवाल्या. पँट म्हणजे मोठ्या माणसांचे डायपर. घातली की झोपा बिनघोर, गादीला डाग नाही. एकीनं आत बसवायच्या कपाचं नाव काढलं, तर तिला सगळ्यांनी मिळून असं झापलं की तिनं ग्रुपच सोडला.

मी शिकलेली बाई. ऐकीव गोष्टींवर विश्वास कसा ठेवणार? मी प्रयोग करायचं ठरवलं. दोन प्रकारचे पॅड, आईच्या लुगड्याची एक घडी आणि पातेलंभर बिटाचं पाणी. ओट्यावर ओळीनं मांडलं आणि वाटी-वाटीनं ओतायला लागले. तेवढ्यात आई आली. ओटा लाल, माझे हात लाल, गाऊन लाल.

"बाप्पा! काय करून राहिली वं?"

"टेस्टिंग."

"काहाचं टेस्टिंग? लोकायच्या पोरी पोटुशी असल्या का चिंचा खाते. माही पोरगी बीट सांडून राहिली!"

तिन्ही उमेदवार नापास झाले. निदान माझ्या घाबरट नजरेला तरी तसं वाटलं. उरली पँट.

आता ती आणायची कुठून? कुहीच्या औषधाच्या दुकानात बसणारे काका माझ्या बाबांचे शाळेतले मित्र. त्यांना मी तोंड उघडून 'मोठे डायपर द्या' म्हणणार? ते शक्यच नव्हतं. म्हणून मोबाईलवरून मागवले. दवाखाना नागपुरात, बेसा भागातल्या आमच्या घराजवळ. म्हणून पत्ता दिला सासरचा.

आणि इथेच, मंडळी, इथेच माझं चुकलं.

आमच्या बेश्याच्या फ्लॅटवर कुठलंही पार्सल मामाजींच्या नावानं येतं. मामाजी म्हणजे माझे सासरे. आम्ही दोघं नोकरीवर जाणारे, आणि सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले मामाजी दिवसभर घरी. गेटवरचा गार्ड त्यांनाच ओळखतो. म्हणून मिक्सर येवो, नवऱ्याचे बूट येवोत, नाव मामाजींचं आणि फोन नंबर मामाजींचा. मोबाईलमध्ये ते कायमचं भरून ठेवलेलं. मी फक्त बटण दाबलं. साइज निवडताना नवव्या महिन्याच्या पोटाला टेप लावला आणि टाकली डबल एक्सेल. एक पाकीट पुरेल की नाही या काळजीनं अख्खं खोकं मागवलं.

सासूबाई तेव्हा नणंदेकडे पुण्याला. नवरा हिंगण्याला कंपनीत, सकाळच्या शिफ्टला गेलेला. खोकं आलं तेव्हा मामाजी त्यांच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या दोस्तांसोबत गेटवरच उभे होते. खोक्यावर त्यांचं नाव. नावाच्या वर चित्र. चित्रात एक पांढऱ्या केसांचे आजोबा बागेत हसत हसत चालताहेत, एकदम चिंतामुक्त!

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त नवऱ्यानं फोनवर सांगितलं, "पार्सल आलं. बाबांनी आत ठेवलं."

अग्गोबाई! मामाजींनी पाहिलं? मला लाजेनं मेल्यासारखं झालं. आमच्या घरात पॅडचं पाकीटसुद्धा पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीतून येतं आणि कपाटात मागच्या बाजूला जातं. पण मग वाटलं, किती समजूतदार माणूस! काही न बोलता आत ठेवून दिलं. आपणही जरा मोकळेपणा दाखवावा. म्हणून मी धीर करून त्यांना फोन लावला.

"मामाजी, ते सामान मिळालं ना?"

पलीकडे टीव्ही बंद केल्याचा आवाज. मग, "हाव. मिळालं."

"त्यात लाजण्यासारखं काही नाही, मामाजी. आजकाल सगळेच वापरतात. नीट ठेवा, आता लवकरच गरज पडेल."

आता हे वाक्य जरा त्यांच्या खुर्चीत बसून ऐका. ऐकलं?

बिचाऱ्यांनी फोन ठेवून दिला.

त्यानंतर मामाजींबद्दल विचित्र बातम्या यायला लागल्या. नवरा म्हणाला, बाबा लिफ्ट वापरत नाहीत, जिने चढतात. मग म्हणाला, बाबा फिरायला जात नाहीत, पळायला जातात. पुढे कळलं की दोस्तांनी त्यांचं फिरणं मुश्किल केलं होतं. रस्त्यात कुठेही मुतारी दिसली की सगळे थांबायचे आणि म्हणायचे, "जाऊन ये ना गा. आम्ही थांबतो. घाई नाही." म्हणून मामाजी पळायला लागले. थांबायलाच नको!

मला काय माहीत? मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, या वयात एकदम पळायला लागणं बरं नाही. त्यांची जरा काळजी घ्या. डॉक्टरला दाखवा."

यानंही इमानेइतबारे सांगितलं, "बाबा, रश्मी म्हणते तुम्हाला डॉक्टरला दाखवायला पाहिजे."

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी कुहीच्या आमच्या अंगणात सायकलची घंटी वाजली. बाहेर येऊन बघते, तर मामाजी! बेश्यापासून कुहीपर्यंत, पस्तीसेक किलोमीटर सायकलवर! अंगावर घामानं भिजलेला टीशर्ट, डोक्याला रुमाल, आणि सायकलच्या कॅरिअरला दोरीनं करकचून बांधलेलं ते खोकं.

आई हातातलं सूप टाकून धावली. "बाप्पा बाप्पा! व्याहीजी, तुम्ही सायकलनं?"

"हाव. सायकलनं आलो. मधात कुठंच थांबलो नाही." हे वाक्य ते माझ्याकडे बघत म्हणाले. "कुठंच नाही. पाणी पेलो, तरी नाही."

मग त्यांनी दोरी सोडली आणि खोकं माझ्या पायाशी ठेवलं.

"हे घ्या सूनबाई, तुमचं सामान. मले याची गरज नाही."

मामाजी मला 'तू' म्हणतात. त्या दिवशी 'तुम्ही' म्हणाले. माझ्या पोटात गोळा आला. आधीच तिथे जागा नव्हती.

"आणि एक सांगतो," ते खोक्यावरच्या आजोबांवर बोट ठेवून म्हणाले. "अजून माह्या तब्येतीले काही झालं नाही. झालं तरी मी पोराले सांगीन. सुनेनं असं चारचौघांत खोकं पाठवाचं नाही. तेही डबल एक्सेल! मी काय ड्रम हाव का?"

त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खोकं, फोन, जिने, पळणं, सगळं एकदम!

एकच वाक्य बोलायचं होतं. 'मामाजी, हे माझ्यासाठी आहे.' पण ते वाक्य पूर्ण कसं करणार? कशासाठी, असं त्यांनी विचारलं तर? कुंपणापलीकडे कमलाकाकू कान टवकारून उभ्या. मी शिकलेली, नोकरी करणारी, मोबाईलवर अनोळखी दोनशे बायकांशी अंगावरून जाण्यावर वाद घालणारी बाई. सासऱ्यांसमोर माझी जीभ टाळूला चिकटली. आणि सुटली तेव्हा काय बोलली?

"मामाजी, तुमचा गैरसमज झाला. हे... हे आमच्या बाबांसाठी आहे!"

हो. मी माझ्या जन्मदात्या बापाला बळी दिलं.

आईनं माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं बाळ तिथेच बाहेर येऊन पळून जाईल.

पण मामाजींचा चेहरा बघण्यासारखा होता. राग ओसरला, सुटकेचा श्वास निघाला, आणि लगेच त्या जागी दाटून आली करुणा. "अरेरे! व्याहीले? कधीपासून?"

आता नशीब बघा. नेमके त्याच वेळी बाबा मागच्या दारातून अंगणात आले. पाठीवर धानाचं भरलेलं पोतं. धान नुकतंच काढून झालेलं, बाबा सकाळपासून पोती वाहत होते.

मामाजी टुणकन पुढे झाले. "व्याहीजी! ठेवा, ठेवा ते खाली! जोर देऊ नका!"

"काहून?" बाबा पोत्याखालून म्हणाले.

"काहून म्हणता? मले सूनबाईनं सगळं सांगितलं. याच्यात लाजाचं काय? वय झालं का होते."

"काय होते?"

मामाजींनी स्वतः पोतं उतरवलं, बाबांना हाताला धरून खाटेवर बसवलं आणि पाठीवरून हात फिरवायला लागले. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या पालीकडे बघितलं. आईनं चहा आणला, तर मामाजींनी बाबांच्या हातातला कपच काढून घेतला! "चहा कमी करा व्याहीजी. चहानं जास्त होते."

माझे बाबा कुणावर चिडत नाहीत. पण त्यांचा चहा! "अवं, याह्यले झालं तरी काय?" ते आईच्या कानात कुजबुजले. आई काय सांगणार? ती पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात निघून गेली.

जेवणाची वेळ होईपर्यंत कमलाकाकू लघवीच्या त्रासावरचा गोखरूचा काढा घेऊन हजर! पाठोपाठ त्यांच्या घरचे, मग शेजारचे. "काही लागलं तं सांगा गा भाऊ." "रात्री उठाले काठी जवळ ठेवत जा." बाबा बिचारे प्रत्येकाला हात जोडत होते. त्यांना वाटलं, पोरगी बाळंत होणार म्हणून लोक विचारपूस करून राहिले. फक्त काढा बाबांना का पाजताहेत, हे त्यांना कळेना.

आणि मी? मी जेवत होते. व्याही आले म्हणून आईनं पाटवडीचा रस्सा केला होता, तर्रीदार. टेन्शन आलं की माझा हात थांबत नाही. मी किती पाटवड्या खाल्ल्या, ते विचारू नका.

दुपारी माझ्या पोटात अशी कळ उठली, की मी खाट धरून किंचाळलेच.

मग काय पळापळ! शेजारच्या काकांची गाडी आणली. बाबा चालवायला, शेजारी मामाजी, मागे आई आणि मी. मामाजींची सायकल टपावर बांधली, कारण ते तिला सोडून यायला तयार नव्हते. ते खोकं माझ्या आणि आईच्या मध्ये. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, शिफ्ट सुटली, कंपनीच्या बसमध्ये बसलोय, थेट दवाखान्यात पोचतो.

मला हवा लागावी म्हणून मामाजींनी चारही काचा खाली करायला लावल्या. मी कळ आली की ओरडत होते. दोन कळांच्या मध्ये ते दोघं भांडत होते.

"व्याहीजी, गाडी मी चालवतो. तुम्हाले थांबा लागन."

"काहून लागन? सकाळपासून पाहून राहिलो मी! जो येते तो काढा पाजते! झालं काय मले?"

"मी कुणाले सांगत नाही. पण ते खोकं तुमच्याचसाठी आणलं न पोरीनं!"

बाबांनी आरशातून खोकं बघितलं. खोक्यावरचे आजोबा बघितले. रिंग रोडवरच्या सिग्नलला करकचून ब्रेक लागला, आणि आमच्या खिडकीला खिडकी लावून एक भलीमोठी कंपनीची बस उभी राहिली.

"रश्मे?" बाबा हळूच म्हणाले. "माह्यासाठी?"

काय सांगू तुम्हाला, तो आवाज! रागाचा नव्हता. आपल्याच पोरीनं आपल्याला म्हातारं ठरवल्याचा होता. त्याच क्षणी मोठी कळ आली. मला वाटलं, संपलं, आता मी काही वाचत नाही, आणि हे पाप घेऊन वर जाणार. मी जीव तोडून ओरडले,

"कोणासाठीच नाही! ते डायपर माझे आहेत! माझे! बाळंतपणानंतर अंगावरून जातं ना, त्यासाठी! मला मामाजींसमोर लाज वाटली म्हणून मी खोटं बोलले!"

बसच्या सगळ्या खिडक्यांतून माणसं बाहेर वाकलेली. आणि मागच्या खिडकीतून एक ओळखीचं डोकं बाहेर आलं.

"रश्मी?"

माझा नवरा! अख्ख्या शिफ्टसकट!

सिग्नल सुटला, बाबांनी गाडी पुढे काढली. मग मामाजी मागे वळले. "आधीच सांगाचं न, पोरी. मी सायकल तरी हाणत आलो नसतो."

पोरी म्हणाले! मी रडायलाच लागले. मी शपथ घेतली, की यातून वाचले तर सोसायटीतल्या एकेकाला गाठून खरं सांगेन. मामाजींचं नाव धुऊन काढेन.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तपासलं. पोट दाबलं, ऐकलं. मग विचारलं, "दुपारी काय खाल्लं?"

मी सांगितलं.

"ह्या कळा नाहीत. ह्या पाटवड्या आहेत."

मला वाटलं, जमीन दुभंगावी. पण मामाजी खोकं काखोटीला मारून आत आले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "डॉक्टरबाई, आलोच हाव तं एक विचारू? बाळंतपणानंतर हे बरं का पॅड बरे? सुती पाहिजे का? दिवसातून कितीदा बदलाचं?"

बाबा मागून म्हणाले, "आणि घरचं लुगडं चालन का, तेही विचारा."

डॉक्टरबाईंनी पाच मिनिटांत सांगून टाकलं. पहिले दोन-तीन दिवस पँट चालेल, मग मोठे सुती पॅड. दर तीन-चार तासांनी बदलायचं. लुगडं स्वच्छ धुतलेलं, कडक उन्हात वाळलेलं असेल तर तेही चालतं. आत घालायचं काही नको. आणि तासाभरात पॅड गच्च भिजलं, मोठ्या गाठी पडल्या, ताप आला, तर लाजत बसायचं नाही, लगेच यायचं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "हे तू मला आजपर्यंत का नाही विचारलंस?"

नऊ महिन्यांत मी त्यांना मिक्सरच्या आवाजानं बाळ दचकतं का, हे विचारलं होतं. जगभराला विचारलं, बिटाला विचारलं, एक डॉक्टर सोडून!

पुढे काही दिवसांनी खऱ्या कळा आल्या आणि खरी मुलगी झाली. सव्वा महिन्यानं तिला घेऊन आम्ही बेश्याला आलो. मामाजी पार्किंगमध्ये तिला गाडीतून उतरवून घेत होते. मी पुढे होऊन लिफ्टचं दार धरून उभी राहिले. आत आमच्याच सोसायटीतल्या वानखेडे काकू.

"आली का वं? बरी आहेस न?" मग आवाज खाली आणून, "आणि तुह्या सासऱ्याचं कसं आहे आता? ते खोकं आलं होतं म्हणे न... सुटलं का ते?"

हीच ती वेळ! मी शपथ घेतली होती. मी आता एका मुलीची आई होते. डॉक्टरबाईंचं सगळं ऐकून आले होते. मी ताठ उभी राहिले, काकूंच्या डोळ्यांत बघितलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाले,

"हो काकू. आता बरंच बरं आहे त्यांना."

मागे पावलं वाजली. वळून बघते, तर मामाजी! बाळाला छातीशी धरून लिफ्टच्या दारात. सगळं ऐकलेलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं. शांतपणे आत येऊन उभे राहिले, बाळाचं टोपडं नीट केलं, आणि तिला म्हणाले,

"चाल वं माय. वर जाऊन आपले दोघायचेही बदलून घेऊ."